मुकाट्याने ग्रुपचे बायलॉज

१ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. या वेळी असिस्टंट मॅनेजरची परीक्षा पास व्हायचीच. तारीख १२ एप्रिल. हा तिसरा अटेम्प्ट, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे तिसरा म्हणजे शेवटचा. त्यानंतर रिटायर होईपर्यंत सीनियर असिस्टंट. घाटकोपरच्या ऑफिसात, मोटर क्लेमच्या टेबलावर, त्याच करकरणाऱ्या पंख्याखाली.

आधी दोनदा नापास झालो त्यात माझा दोष शून्य. पहिल्या वेळी पेपर काढणारा माणूस विकृत होता. दुसऱ्या वेळी सोसायटीची एजीएम आडवी आली. सहा वर्षं सेक्रेटरी होतो. स्वतःची पुस्तकं बाजूला ठेवून लोकांच्या टाकीतलं पाणी बघितलं. आणि गेल्या सप्टेंबरात त्याच लोकांनी हात वर करून त्या चंद्रप्रकाशला निवडून दिलं. आमच्या डोक्यावर राहतो, चौथ्या मजल्यावर. बायलॉजचं पुस्तक त्याने कधी उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. मला राग वगैरे काही नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

या वेळी मुकुलही बसतोय. मुकुलला क्लेमची नोट लिहायला मी शिकवलं. अजून सर म्हणतो. पहिलाच अटेम्प्ट त्याचा. बिचारा.

उद्यापासून पहाटे पाच.

२ फेब्रुवारी, सकाळी पावणेआठ
अलार्म वाजलाच नाही. जयंतीचं म्हणणं, वाजला, तिनेच उठून बंद केला, मला हलवलं, तेव्हा मी हा विषय पुढच्या सभेत घ्यावा असं म्हणून कूस बदलली. मला हे पटत नाही. नवऱ्याला पहाटे उठवायचं तर एक माणूस म्हणून थोडी जिद्द लागते.

संध्याकाळी पुस्तक घेतलं. 'विमा कायदा', प्रकरण एक. तेवढ्यात वर ड्रिलिंग सुरू. चंद्रप्रकाश बाथरूम नवीन करतोय. सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम स्वतःचं बाथरूम. पुस्तक मिटलं.

गंधाली (मुलगी, अकरावी) म्हणाली, बाबा, तुला एकट्याने होत नसेल तर ऑनलाइन ग्रुप जॉईन कर ना, मी पण आहे एका ग्रुपवर. मी म्हटलं, मला सगळं एकट्याने होतं. पण चौकशी करून ठेवली.

४ फेब्रुवारी
ग्रुपचं नाव 'मुकाट्याने'. पार्ल्याची ऋता नावाची मुलगी चालवते. मिठागरांवर पीएचडी करतेय, तीन वर्षं थीसिस अडकला होता म्हणून हा ग्रुप काढला. रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल. कॅमेरा चालू, माइक बंद. सुरुवातीला चॅटमध्ये लिहायचं, आज काय करणार. मग पन्नास मिनिटं ज्याने त्याने आपापलं काम करायचं. शेवटी लिहायचं, काय झालं. बस्स. दुसऱ्याच्या नजरेसमोर बसलं की माणूस उठत नाही म्हणे.

नियम एकच: बोलायचं नाही.

मी ऋताला मेसेज करून विचारलं, बाकीचे नियम कुठे आहेत? तिने स्मायली पाठवला. एवढी माणसं, आणि कमिटी नाही, कोरम नाही, साधं मिनिट्सचं रजिस्टर नाही. आणि हे लोक एकमेकांना शिस्त लावणार. कपाळ.

५ फेब्रुवारी
पहिलं सेशन. चॅटमध्ये लिहिलं: मी श्यामकांत, मुलुंड. परीक्षा १२ एप्रिल. आज प्रकरण एक. (राहतो नाहूरला. पण नाहूर म्हटलं की लोक कुठे ते विचारतात आणि वेळ जातो.)

पुस्तक उघडलं. सहज स्क्रीनकडे बघितलं. छोट्या छोट्या चौकोनांत माणसं. एक जण नाकात बोट घालत होता. बोरिवलीचे कुंडलिककाका, रिटायर्ड शिक्षक, सूनबाई कानडी आली म्हणून या वयात कन्नड शिकतायत, ते चक्क वाटी घेऊन चिवडा खात होते. एक बाई फ्रेममधून उठून गेली ती सहा मिनिटांनी आली. कुणी काही बोललं नाही. बोलायचंच नाही ना! हाच तर घोटाळा आहे.

मी सगळं नीट टिपून घेतलं. पन्नास मिनिटं कशी गेली कळलं नाही. इतकी एकाग्रता कित्येक वर्षांत झाली नव्हती. शेवटी सगळ्यांनी काय काय झालं ते लिहिलं. मी लिहिलं: निरीक्षण.

९ फेब्रुवारी
ग्रुपवर सभ्य शब्दांत सूचना टाकली की कामाच्या वेळी खाद्यपदार्थ टाळावेत, इतरांचं लक्ष विचलित होतं. कुंडलिककाकांनी अंगठा दाखवला. संध्याकाळी शेव खाल्ली. चिवडा नाही, शेव. म्हणजे हे मुद्दाम आहे.

अभ्यास: प्रकरण एक चालू.

१४ फेब्रुवारी
अभ्यासासाठी ऑफिसातून रजा घेतली. साहेब सही करताना हसले. का हसले? विचारायला हवं होतं.

दिवसभर बसून ग्रुपचे बायलॉज लिहून काढले. एकंदर एक्केचाळीस कलमं. उद्दिष्टं, सभासदत्व, सभासदाची कर्तव्यं, फ्रेममध्ये चेहऱ्याचं स्थान, खाणंपिणं (पाणी चालेल, सरबत नाही), कारणे दाखवा नोटीस, अपील. सोसायटीच्या बायलॉजपेक्षा सरस झालेत. कलम सतरा तर मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

जयंतीने रात्री जेवताना विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, पाया घालतोय. ती म्हणाली, पुस्तकाची किती पानं झाली ते विचारतेय. मी म्हटलं, पाया पक्का नसेल तर पानांना अर्थ नसतो. ती ताटात बघत म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अगदी खरं आहे. ऋताबद्दल माझंही हेच मत होत चाललंय.

१८ फेब्रुवारी
ऋताचं उत्तर आलं. काका, किती मेहनत घेतलीत! पण आपला एकच नियम बरा आहे, सगळ्यांना लक्षात राहतो.

काका!! मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. ती तिशीची घोडी आहे. डोकं सणकलं. आणि नियम लक्षात राहण्यासाठी नसतात, पाळण्यासाठी असतात. एवढं कळत नाही आणि निघाली पीएचडी करायला.

विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली. रविवार २२, सकाळी नेहमीच्या सेशनलाच. विषय एक: बायलॉजना मंजुरी. विषय दोन: पदाधिकारी निवड. विषय तीन: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

२२ फेब्रुवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस.

सगळे नेहमीप्रमाणे कॉलवर आले. मी माइक चालू केला आणि बायलॉज वाचायला घेतले. कुणीही अडवलं नाही. वाचन संपल्यावर विचारलं, कुणाची हरकत? शांतता. पुन्हा विचारलं. शांतता. सगळे माना खाली घालून बसलेले. तीनदा विचारून एक्केचाळीस कलमं एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मग सेक्रेटरीपदासाठी स्वतःचं नाव सुचवलं आणि अनुमोदन मागितलं, तेव्हा कुंडलिककाकांनी स्पष्टपणे दोनदा मान हलवली. कानात इअरफोन होते, ओठ हलत होते, पण मान ती मान. बिनविरोध!

सप्टेंबरनंतर पहिल्यांदा छाती मोकळी वाटली. चंद्रप्रकाशला एवढी शांत सभा एकदा घेऊन दाखव म्हणावं.

गंधाली म्हणाली, बाबा, सगळे म्यूट करून काम करत होते रे, तुझा आवाज पण बंद ठेवला होता. हे वय असंच असतं. बाप मोठा झालेला सहन होत नाही.

२५ फेब्रुवारी
मुकुल ग्रुपवर आलाय. त्याला ग्रुपबद्दल मीच सांगितलं होतं, सेक्रेटरी झाल्याचं सांगताना ओघात. डबा खाताना आज शेजारी येऊन बसला. सर, रीइन्शुरन्सच्या प्रकरणात एक डाऊट आहे. मी म्हटलं, आधी कलम बारा वाचलंस का? नवीन सभासदाने पहिल्या आठवड्यात परिचयपत्र भरायचं असतं. तो म्हणाला, भरतो सर. पण ते रीइन्शुरन्सचं… मी म्हटलं, शिस्त आधी, शंका नंतर.

रीइन्शुरन्स कोणत्या प्रकरणात आहे ते बघून ठेवायला हवं.

१ मार्च
फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच असतो हे माझ्या वेळापत्रकात धरलंच नव्हतं. दोन दिवस फुकट गेले. ही पद्धत कुणी काढली?

वर ड्रिलिंग चालूच. बाथरूम करतोय की बोगदा खणतोय? तक्रारअर्ज लिहिला. सेक्रेटरीच्या विरुद्ध तक्रार सेक्रेटरीकडेच द्यावी लागते. वाट लागलीय या सोसायटीची.

अभ्यास: प्रकरण एक जवळपास.

८ मार्च, रविवार
आज कारणे दाखवा नोटिसा काढल्या. बरं वाटलं नाही, पण कर्तव्य.

एक, कुंडलिककाका. अन्नसेवन, सतत आणि उघड.

दोन, गंधाली. फ्रेममध्ये कपाळाच्या वरचाच भाग दिसतो. नात्यागोत्याला माझ्याकडे थारा नाही. नोटीस तिच्या खोलीच्या दाराखालून सरकवली. तिने ती तशीच परत बाहेर सरकवली. स्वीकारण्यास नकार, असा शेरा मारून ठेवला.

तीन, मुकुल. कॅमेरा वारंवार बंद. त्याने उत्तर पाठवलं की घर एका खोलीचं आहे, मागे आई आणि भाऊ-वहिनी झोपलेले असतात, त्यांना दाखवणं बरं वाटत नाही. काम मात्र मी करतो सर. बायलॉजमध्ये झोपलेल्या वहिनीला सूट नाही. एकाला सूट दिली की उद्या सगळ्यांच्या वहिन्या झोपतील. पंधरा दिवस निलंबित केला. त्याच्याच भल्यासाठी. पुढे ऑफिसर व्हायचं असेल (या जन्मी कठीण) तर नियम म्हणजे काय ते आत्ताच कळायला हवं.

जयंतीला सांगितलं. ती म्हणाली, श्याम, तुझ्या परीक्षेला महिना राहिला. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, मला नाही वाटत. एवढं बोलून कपडे वाळत घालायला गेली. हा कसला पाठिंबा? बाकीच्यांच्या बायका रात्र रात्र जागून चहा करून देतात.

१९ मार्च, गुढीपाडवा
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. मागचं सगळं पुसून नवी सुरुवात. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, पुस्तक पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. सतरा प्रकरणं. रोज एक केलं तरी परीक्षेआधी आठवडा शिल्लक राहतो. काहीच अवघड नाही. लोक उगाच बाऊ करतात.

आज सण म्हणून अभ्यास नको. पुस्तकावर कुंकू आहे.

संध्याकाळी शुभेच्छा द्यायला सेशनला गेलो तर कॉलवर फक्त मी, आणि एक माणूस जो कॅमेऱ्यासमोर झोपला होता. सणामुळे असेल.

२१ मार्च
सणामुळे नाही. फितुरी!

ऋताने दुसरा ग्रुप काढलाय. नाव 'खरंच मुकाट्याने'. पाडव्याच्याच मुहूर्तावर. सगळे तिकडे गेले. कुंडलिककाका गेले. मुकुल गेला, निलंबनाचा काळ संपायच्या आत, म्हणजे हे कलम तेवीसचं सरळ उल्लंघन. आणि हे मला कुणी सांगितलं? माझ्या पोटच्या मुलीने. तीही तिकडेच! विचारलं, मला का नाही बोलावलं? म्हणाली, बाबा, तुला कळायला नको असंच ठरलं होतं, पण मला तुझं वाईट वाटलं.

माझं वाईट वाटायची काही गरज नाही. उठून पाणी प्यायलो. सहा वर्षं टाकी सांभाळली तेव्हा एक गट फुटला, आता इकडे दुसरा. चांगलं काम करणाऱ्याच्या नशिबी हेच.

ऋताला कळवलं की मूळ संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र घेतल्याशिवाय फुटीर गटाला 'मुकाट्याने' हा शब्द वापरता येणार नाही. उत्तर नाही. हेच तर. मुकाट्याने.

२७ मार्च
फुटीर गटाला नोटीस बजावायची तर आत जाणं भाग होतं. गंधालीच्या फोनवरून गेलो. चेहरा फ्रेमच्या बाहेर, फक्त खांदा. दोन मिनिटांत ऋताचा मेसेज, गंधालीच्या नाही, माझ्या नंबरवर: काका, तुमचा बनियन दिसतोय.

मी काढता पाय घेणार तेवढ्यात दुसरा मेसेज आला. काका, खरं सांगू का, राग मानू नका. तुमची परीक्षा बारा तारखेला आहे ना? सगळं सोडा आणि रोज पन्नास मिनिटं बसा. अजून होईल. हवं तर मी एकटी तुमच्याबरोबर कॉलवर बसते, सकाळी सहाला, माझंही काम होईल.

माझ्या परीक्षेची तारीख हिला कशी कळली? आमचे साहेब विसरलेत, हिला पाठ. असली पाळत ठेवणारी माणसं धोकादायक. आणि सहानुभूती कुणी मागितली होती? उत्तर दिलं की सेक्रेटरी व्यक्तिगत उपकार स्वीकारत नाही, कलम नऊ.

सकाळी सहाला म्हणे. हिच्या बापाची पेंड आहे?

३ एप्रिल
मूळ ग्रुप चालू आहे. तो झोपलेला माणूसही गेला. आता मी एकटाच. कोरम पूर्ण होतो, कारण कलम सहाप्रमाणे सेक्रेटरी हजर असला की कोरम धरावा. हे तेव्हा दूरदृष्टीने घातलं होतं.

कॅमेरा चालू करून बसतो. एकच मोठा चौकोन, त्यात मी. आज बघितलं, मधेच मी कान कोरत होतो. तोंडी समज दिली.

अभ्यासाला अशी शांतता मिळणार नाही. फक्त जुनी मिनिट्स एकदा फेअर करून घेतो. अर्धवट कारभार मागे ठेवून परीक्षेला बसणं माझ्या स्वभावात नाही.

११ एप्रिल, दुपार
उद्या.

प्रकरण एक पूर्ण पाठ. उरलेली सोळा आज आणि उद्या सकाळी. सगळी सारख्या महत्त्वाची नसतात. मूळ तत्त्वं कळली की बाकी अनुभवाने लिहिता येतं. बावीस वर्षं क्लेम बघतोय. मुकुलला अनुभव कुठाय?

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर. कॅमेरा चालू, समोर कंपनीने नेमलेला प्रॉक्टर नजर ठेवणार. सूचना वाचून हसू आलं. चेहरा फ्रेममध्ये, खाणं नाही, बोलणं नाही. हे सगळं माझ्या बायलॉजमध्ये आधीच आहे, आणि जास्त नेमक्या शब्दांत. दोन महिने मी नकळत याचीच तयारी करत होतो! बाकीच्यांना कॅमेऱ्याची भीती वाटेल. मी कॅमेरा कोळून प्यायलोय.

जयंतीने टीव्हीची वायर काढून ठेवलीय. गंधालीला उद्या मैत्रिणीकडे पाठवणार आहे. घरात दोघी दबक्या आवाजात बोलतायत, जसं काही कुणी आजारी आहे. बेल, मिक्सर, कुकर, सगळं बंद. चला, शेवटी किंमत कळली.

१२ एप्रिल, सकाळी १०.५०
पेपर दहा ते बारा होता. आता दहा पन्नास झालेत आणि मी मोकळा आहे. घडलेलं सगळं गरम आहे तोवर लिहून ठेवतो, पुढे अपिलात लागेल.

पहिला प्रश्न वाचला. प्रकरण सातमधला असावा. दुसरा अकरामधला. तिसरा कुठला ते कळेना, म्हणून जरा वर छताकडे बघून विचार केला. टुंग. स्क्रीनवर मेसेज: कृपया नजर स्क्रीनवर ठेवा. पहिली ताकीद.

मी उत्तर टाइप केलं की सूचनापत्रकात चेहरा फ्रेममध्ये ठेवा असं आहे, नजरेचा उल्लेख कुठल्या क्लॉजमध्ये आहे? माझा चेहरा पूर्णपणे फ्रेममध्ये होता. उत्तर आलं: सर, कृपया पेपर सोडवा.

सर म्हणायचं आणि उत्तर द्यायचं नाही! मी पुन्हा विचारलं. तुमचं नाव, हुद्दा, आणि ताकीद देण्याचे अधिकार कुणी दिले. पुन्हा तेच: सर, पेपर सोडवा, तुमचा वेळ जातोय. मग मी ठरवलं की ज्याला ताकीद म्हणजे काय हे माहीत नाही त्याला ते एकदा समजावलंच पाहिजे. आधी तोंडी समज, मग लेखी सूचना, मग खुलासा मागवणं, सुनावणी, आणि मग ताकीद. हे सगळं मुद्देसूद टाइप केलं. टाइप करताना मी मोठ्याने वाचतो, सवय आहे. टुंग. दुसरी ताकीद, बोलू नये.

इथे माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवरून उठलो, कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की पहिल्या ताकिदीचा खुलासा प्रलंबित असताना दुसरी ताकीद देताच येत नाही, ही ताकीद मुळातच रद्दबातल आहे, आणि तू जो कोण आहेस तो माझ्या मुलाच्या वयाचा असशील. (मला मुलगा नाही. पण मुद्दा तो नव्हता.)

स्क्रीन पांढरी झाली. तुमचं सेशन समाप्त करण्यात आलं आहे.

शेवटचा शब्द माझा होता. हे महत्त्वाचं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून त्याने स्क्रीन बंद केली. एकही प्रश्न सोडवलेला नव्हता हे खरं, पण ते त्याच्यामुळे.

बाहेर आलो. जयंती दारापाशी स्टुलावर बसली होती. हातात लिंबू सरबत. मी म्हटलं, लवकर झाला. तिने सरबत दिलं. मग हळूच म्हणाली, आवाज आला का रे ड्रिलिंगचा? काल मी वर जाऊन चंद्रप्रकाशना सांगून आले, त्यांनी आजच्या दिवस काम बंद ठेवलंय, मजुरांना पण परत पाठवलं.

मी म्हटलं, अजिबात आवाज नव्हता. सरबतात साखर कमी होती.

१४ एप्रिल
हेड ऑफिसला अपील. सहा पानं. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व, दोन्ही ताकिदींमधलं अंतर, प्रॉक्टरची भाषा. असं अपील त्या लोकांनी आयुष्यात बघितलं नसेल. फेरपरीक्षा मिळालीच पाहिजे. मिळेलच.

ऑफिसात मुकुलने विचारलं, सर, कसा गेला? मी म्हटलं, पेपरमध्ये मूलभूत त्रुटी होत्या. तो म्हणाला, हो सर, तिसरा जरा फिरवून विचारला होता. मी मान हलवली.

२४ एप्रिल, शुक्रवार
अपिलाचं उत्तर आलं. एक ओळ. सहा पानांना एक ओळ! विनंती मान्य करता येत नाही. कारण नाही, कलम नाही, सहीसुद्धा वाचता येत नाही. बिनडोक, भिकारडे लोक.

रिझल्टही आला. मुकुल पास. आमच्या ऑफिसातून एकटा.

पेढे घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला. आधी वाकला. मी नको नको म्हणेपर्यंत पायांना हात लागला होता. म्हणाला, सर, क्लेमचे प्रश्न सगळे तुमच्यामुळे आले, तुम्ही शिकवलेलं जसंच्या तसं लिहिलं. निलंबनाबद्दल अवाक्षर नाही. एखादा टोमणा तरी मारायचा! मग मलाही काहीतरी बोलता आलं असतं. अकरा मेपासून तीन आठवडे पुण्याला ट्रेनिंग, पास झालेल्या सगळ्यांना कंपल्सरी. एक जूनला परत येईल तो आमच्याच सेक्शनला, ऑफिसर म्हणून. माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही.

पेढे गोडच होते. काय करणार. दोन खाल्ले.

घरी अजून सांगितलेलं नाही.

२६ एप्रिल, रविवार
सगळी तयारी करून बसलो होतो. जयंती काय काय बोलेल आणि त्यावर मी काय काय बोलेन. अलार्म, पाठिंब्याचा अभाव, पोरीची फितुरी, सगळे मुद्दे क्रमाने. दुपारी जेवताना सांगून टाकलं. नाही झालो. अपीलही गेलं. मुकुल झाला.

ती चिडली नाही. बरं, म्हणाली. मग म्हणाली, मुकुल चांगला मुलगा आहे, त्रास नाही देणार. आमटी वाढू का?

एवढंच. माझे मुद्दे तसेच राहिले.

जेवणं झाल्यावर ती भाजी निवडत बसली आणि तिच्या भावाचा फोन आला, कुडाळहून. स्पीकर चालू होता. भावोजींक सुट्टी गावली मां? तो विचारत होता. ती म्हणाली, हो रे, ह्याला सुट्टी आहेच, तिघंही येतोय, पंधरा मेला निघतो, तिकिटं कन्फर्म आहेत. फणस ठेव आमच्यासाठी.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, तिकिटं कधी काढलीस? ती म्हणाली, मार्चमध्ये. सोळा तारखेला. बुकिंग उघडलं त्या सकाळीच, मे महिन्याची नंतर मिळतात का.

मी म्हटलं, पण जयंती, अकरा मेपासून तर ट्रेनिंग होतं. मी पास झालो असतो तर पंधराला पुण्याला असतो. त्या तारखांचं सर्क्युलर फेब्रुवारीत तूच फ्रिजवर लावलंस.

तिचा हात थांबला. मेथीची जुडी तशीच हातात. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अगं बाई. हो की. लक्षातच आलं नाही रे माझ्या.

टोमणा नव्हता. मी नीट बघितलं तिच्याकडे. एवढ्या वर्षांत तिचा टोमणा मला ओळखता येतो. तिला खरंच सुचलंच नव्हतं. टीव्हीची वायर काढली, वर जाऊन ड्रिलिंग थांबवून आली, दाराशी सरबत घेऊन बसली, आणि या सगळ्यात मी पास होईन असं तिला एकदाही वाटून गेलं नव्हतं. आणि आता तिलाच कसंसं झालं. घाईघाईने म्हणाली, तसं असतं तर तुझं कॅन्सल केलं असतं ना, त्यात काय.

रागवायला हवं होतं. बसून राहिलो, थोडा वेळ वाट बघितली. राग काही आला नाही.

ती म्हणाली, खिडकी तुझ्यासाठी घेतलीय. मी बरं म्हटलं आणि तिच्यासमोरची अर्धी मेथी ओढून घेतली.